घाटातला अपघात आणि मोठं रुग्णालय दीड तासावर: बचावगटाने काय घ्यावं, काय शिकावं?

घाटवाट

नमस्कार. आंबा घाटाच्या परिसरात अपघात झाला की मदतीला धावणारा आमचा गट आहे. शेती, दुकान, गॅरेज सांभाळून येणारी माणसं. त्यातल्या दोघांनी ईएमटीचा (आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचा) कोर्स केला आहे. दरीतून माणूस वर आणणं आणि चेपलेल्या गाडीतून बाहेर काढणं हे काम गटाला येतं. अडचण त्यापुढची आहे. वर कोल्हापूर, खाली रत्नागिरी. सर्जन, सीटी स्कॅन आणि रक्तपेढी एका ठिकाणी मिळेल तिथे पोचायला वाहतूक धरून दीड तास लागतो, पावसात त्याहून जास्त. १०८ येईपर्यंत रुग्ण आमच्या हातात असतो. दोन-तीन जखमी असले तर एखाद्याला गटाच्या गाडीतूनच न्यावं लागतं.

एक देणगीदार दोन लाख रुपये द्यायला तयार आहे. गटातल्या काहींना छोटा व्हेंटिलेटर हवाय, काहींना ईसीजीवाला मॉनिटर. मला नेमकं हे विचारायचं आहे:

हातापायातून जोरात रक्त जात असेल तर टूर्निकेट (दांडी पिळून आवळायचा, रक्त थांबवणारा पट्टा) बांधावं की नाही? आमच्याकडच्या जुन्या प्रथमोपचार पुस्तिकेत तो 'शेवटचा उपाय' म्हणून दिलाय. सलाईन किती द्यायचं? गाडीतून काढताना प्रत्येकाला मानेची कॉलर आणि स्पाइन बोर्ड (पाठीखालची कडक फळी) लावायलाच हवा का? गेल्या पंधरा-वीस वर्षांत या सगळ्यात बरंच बदललंय असं ऐकतो. काय बदललं आणि का, हे जाणकारांनी सांगावं.

पहिला_दाब

आधी खरेदीबद्दल. व्हेंटिलेटर नको, मॉनिटरही आत्ता नको. तुमच्या अंतरावर माणूस दगावतो तो बहुधा रक्त गेल्यामुळे, श्वासमार्ग बंद झाल्यामुळे किंवा डोक्याच्या मारात प्राणवायू कमी पडल्यामुळे. त्यातलं काहीही पडद्यावर बघून थांबत नाही. दोन लाखांतला मोठा भाग सराव-साहित्यावर आणि महिन्यातून एकदा होणाऱ्या सरावावर घालवा.

सगळ्यात मोठा बदल क्रमात झालाय. पूर्वी श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण अशा ओळीने जायचो. आता धो-धो वाहणारं रक्त पहिलं आणि बाकी त्यानंतर. मांडीची मुख्य धमनी तुटली तर तीन-चार मिनिटांत माणूस हाताबाहेर जातो. तोपर्यंत तुम्ही जबडा उचलून श्वास ऐकत बसला असाल तर वेळ चुकीच्या जागी गेली.

टूर्निकेट 'शेवटचा उपाय' होता कारण त्याने अवयव कापावा लागतो अशी भीती होती. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत ती भीती तपासली गेली. बगदादमधल्या अमेरिकी लष्करी रुग्णालयातली २००९ साली छापून आलेली आकडेवारी अशी: शॉकमध्ये (रक्त गेल्याने शरीराचा रक्तपुरवठा ढासळण्याच्या स्थितीत) जाण्याआधी टूर्निकेट लागलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचले, शॉकमध्ये गेल्यावर लागलेल्यांपैकी सुमारे १० टक्के. म्हणजे शेवटचा उपाय म्हणून वापरलं की ते खरोखरच शेवटचं ठरतं. दोन तासांपर्यंत आवळलेल्या अवयवाला कायमची इजा होण्याची शक्यता कमी असते. तुमचा प्रवास दीड तासाचा आहे, त्यामुळे बहुतेक रुग्ण त्या मर्यादेत बसतात.

कधी बांधायचं: रक्त उसळ्या मारत असेल, कपडे भिजून खाली थारोळं होत असेल, अवयव अर्धा-पूर्ण तुटला असेल, किंवा थेट दाबूनही थांबत नसेल. थेंबथेंब किंवा संथ वाहणाऱ्या रक्ताला दाब आणि पट्टी पुरते.

कसं बांधायचं: जखम दिसत असेल तर तिच्यावर चार बोटं जागा सोडून, म्हणजे ५ ते ७ सेंटीमीटर वर. गुडघ्यावर किंवा कोपरावर नाही. अंधारात, चिखलात जखम नक्की कुठे ते कळत नसेल तर कपड्यांवरूनच मांडीच्या किंवा दंडाच्या अगदी मुळाशी. आधी खिसे रिकामे करा. खिशातल्या मोबाइलवर किंवा किल्ल्यांवर पट्टा बसला तर दाब सारखा पडत नाही.

आता सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट. पट्टा आधी हाताने इतका ओढायचा की खाली तीन बोटांची टोकं शिरू नयेत. नंतर दांडी पिळायची. पट्टा ढिला ठेवून दांडीनेच सगळं काम करायला गेलात तर सहा-सात वेळा पिळूनही रक्त थांबत नाही, दांडी वाकते किंवा मोडते. पट्टा नीट ओढला असेल तर साधारण तीन अर्ध्या वळशांत काम होतं. रक्त थांबेपर्यंत आणि खालची नाडी लागेनाशी होईपर्यंत पिळायचं, दांडी अडकवायची, वेळ लिहायची. वेळ पट्ट्यावर लिहा आणि रुग्णाच्या कपाळावरही मार्करने लिहा.

अर्धवट आवळलेलं टूर्निकेट न बांधल्यापेक्षा वाईट. शिरा बंद होतात पण धमनी चालू राहते, रक्त आत येतं आणि परत जाऊ शकत नाही, त्यामुळे जखमेतून आणखी वाहतं. एकाने थांबलं नाही तर त्याच्या शेजारी वरच्या बाजूला दुसरं बांधा, पहिलं सोडू नका. नीट बसलेल्या टूर्निकेटने प्रचंड वेदना होतात. रुग्ण ओरडतो म्हणून ढिलं करू नका, हे सगळ्या गटाला आधीच सांगून ठेवा.

नकली माल हा वेगळा प्रश्न आहे. लष्करी नमुन्यासारखं दिसणारं टूर्निकेट ऑनलाइन अस्सल किमतीच्या अगदी लहान भागात मिळतं. त्याची दांडी मऊ प्लास्टिकची असते, ऐन वेळी वाकते. वेल्क्रो ओलं झालं की सुटतं. अधिकृत वितरकाकडूनच घ्या. सरावाची दोन वेगळी ठेवा आणि त्यांवर रंगाची खूण करा. सरावात ताणलेलं टूर्निकेट पुन्हा खऱ्या बॅगेत जाता कामा नये. बॅगेबाहेर उन्हात लटकवूनही ठेवू नका, प्लास्टिक ठिसूळ होतं.

काहीच हाताशी नसेल तर ४-५ सेंटीमीटर रुंद घडी केलेलं कापड आणि मजबूत काठी. दोरी, वायर, बुटाची नाडी नको. अरुंद वस्तू कातडी आणि नसा चिरडते आणि धमनी बंद करायला तिला फार जास्त जोर लागतो.

आणखी एक सांगतो, कारण आपल्या भागात हा घोळ होतोच. हे सर्पदंशासाठी नाही. साप चावलेल्या हातापायाला आवळून काहीही बांधायचं नसतं. गावात टूर्निकेटचं प्रशिक्षण देताना हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत सांगा, नाहीतर लोक दोन्हींची सरमिसळ करतात.

पहिला_दाब

पुढचं वेगळ्या प्रतिसादात, वरचा फार लांबला.

जांघ, काख, खांदा आणि मान यांच्या मुळाशी टूर्निकेट बसत नाही. तिथे जखम भरायची. म्हणजे वर गॉज ठेवून पट्टी बांधणं नव्हे, गॉज जखमेच्या आत ठासून बसवणं. आधी साचलेलं रक्त पुसून घ्या, बोटाने रक्त नेमकं कुठून येतंय ती जागा शोधा, त्या जागेवर बोट दाबून धरा आणि बोटाखालून गॉजची लांब पट्टी सरकवत भरत जा. दाब एक क्षणही सुटू द्यायचा नाही, एक बोट काढायच्या आधी दुसरं तिथे पोचलं पाहिजे. जखम काठोकाठ भरली की दोन्ही तळहातांनी, कोपर सरळ ठेवून, शरीराचं वजन टाकून दाबा. काओलिन किंवा कायटोसान (रक्त गोठायला मदत करणारे पदार्थ) लावलेलं गॉज असेल तर तीन मिनिटं, साधं असेल तर घड्याळ लावून दहा मिनिटं. मध्ये उचलून 'थांबलं का' बघायचं नाही, नुकती धरलेली गुठळी निघते. मग घट्ट दाबपट्टी.

कायटोसानची भारतीय बनावटीची उत्पादनं मिळतात, ॲक्सिओस्टॅट हे त्यातलं एक. पण साधा लांब गॉज रोल आणि सराव केलेले हात यांनीही बहुतेक जखमा भरता येतात. औषधी गॉज आहे म्हणून नुसतं वर ठेवलं तर ते काहीच करत नाही.

छाती आणि पोटाच्या जखमा भरायच्या नाहीत. तिथे रक्त आतल्या पोकळीत जातं, गॉजने ते थांबत नाही. पोट, छाती आणि ओटीपोटात आतून रक्त जात असेल तर रस्त्यावर त्याला उपाय नाही, गाडी हलवणं हाच उपाय. माणूस अडकलेला नसेल तर घटनास्थळी दहा मिनिटांच्या वर थांबू नका.

अतिदक्ष

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत. मी औषध, सलाईन आणि डोक्याच्या माराबद्दल लिहिते.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे जुनंच औषध, पण गेल्या दोन दशकांत अपघातांसाठी वापरात आलेलं सर्वांत स्वस्त आणि उपयोगी. ते रक्त गोठवत नाही. शरीराने तयार केलेली गुठळी विरघळू देत नाही. मोठ्या अपघातानंतर शरीर स्वतःच गुठळ्या वेगाने विरघळवायला लागतं, ते हे औषध रोखतं. २०१० च्या क्रॅश-२ अभ्यासात ४० देशांतले वीस हजारांहून अधिक रुग्ण होते आणि भारतातली रुग्णालयंही त्यात होती. एकूण मृत्यू १६ टक्क्यांवरून साडेचौदा टक्क्यांवर आले. वेळ मात्र फार महत्त्वाची. पहिल्या तासात दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू ७.७ वरून ५.३ टक्क्यांवर आले, तर तीन तासांनंतर दिलेल्यांत रक्तस्रावाचे मृत्यू उलट वाढले. नंतरच्या एका विश्लेषणानुसार दर १५ मिनिटांच्या उशिराने फायदा सुमारे १० टक्क्यांनी घटतो. दीड तासाच्या प्रवासात याचा अर्थ उघड आहे: हे औषध रुग्णालयात पोचल्यावर नव्हे, रस्त्यावर मिळायला हवं.

प्रौढासाठी मात्रा १ ग्रॅम, दहा मिनिटांत शिरेतून. आपल्याकडची ॲम्प्यूल ५ मिलीची, ५०० मिलिग्रॅमची असते, म्हणजे दोन लागतात. हलत्या गाडीत थेंब मोजणं कठीण, म्हणून १० मिलीच्या सिरिंजमध्ये दोन्ही भरून मिनिटाला १ मिली या गतीने द्यायचं. झपकन दिलं तर बीपी कोसळतं, आणि ते रक्तस्रावामुळे कोसळलं असं वाटून भलतीच धावपळ होते. दुसरा १ ग्रॅम आठ तासांत द्यायचा असतो, तो रुग्णालय बघेल. पहिला डोस नेमका किती वाजता दिला हे मात्र कागदावर गेलंच पाहिजे.

२०२३ च्या पॅच अभ्यासाचाही उल्लेख करायला हवा, नाहीतर चित्र एकांगी होईल. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि जर्मनीत हे औषध रुग्णालयापूर्वी दिलं गेलं. सहा महिन्यांनी स्वावलंबी आयुष्य जगणाऱ्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच, ५३-५४ टक्के निघालं. २८ दिवसांतले मृत्यू मात्र कमी होते, १७.३ विरुद्ध २१.८ टक्के. यावरून कोणी 'औषध निकामी' म्हणतं, पण माझ्या मते खऱ्या रक्तस्रावात ते द्यावंच.

हे तुमच्या गटाने द्यायचं नाही. हे डॉक्टरच्या सूचनेने द्यायचं औषध आहे. महाराष्ट्रातली १०८ सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हापासून गाडीत डॉक्टर असतो, हा आपला मोठा फायदा आहे. तुमचं काम फोनवर नीट सांगणं: 'मांडीतून धमनीचा रक्तस्राव, टूर्निकेट ९ वाजून १० मिनिटांनी, नाडी १३०, मनगटाला लागत नाही.' असं सांगितलं की येणारा डॉक्टर पोचायच्या आधी सिरिंज भरून ठेवू शकतो. तुमच्या भागातल्या गाड्यांवर हे औषध ठेवलेलं असतं का, तेही आजच विचारून घ्या.

सलाईन. जुना नियम दोन लिटर भरभर सोडायचा होता. एटीएलएस या डॉक्टरांसाठीच्या अपघात-उपचार अभ्यासक्रमाच्या २०१८ च्या आवृत्तीत तो जास्तीत जास्त एक लिटरवर आला, आणि रस्त्यावर त्याहून कमीच. सलाईनमध्ये ना प्राणवायू वाहून नेणारं काही असतं, ना गोठवणारं. ते उरलेलं रक्त पातळ करतं, शरीर थंड करतं आणि बीपी वाढवून नुकती धरलेली गुठळी उडवून लावतं. म्हणून नियम असा: मनगटाची नाडी लागत असेल आणि माणूस नीट बोलत असेल तर सलाईन बंद. नाडी लागत नसेल तर २५० मिली, मग पुन्हा नाडी बघा. वरचं बीपी ८०-९० पुरे.

डोक्याला मार असेल तर हा नियम उलटा. तिथे वरचं बीपी ११० च्या खाली जाऊ द्यायचं नाही, कारण सुजलेल्या मेंदूत रक्त ढकलायला दाब लागतो. दोन्ही असेल तर डोक्याचा नियम पाळा.

सुई लावण्यासाठी गाडी थांबवू नका, चालत्या गाडीत लावा. १८ किंवा १६ नंबरची. २४ नंबरच्या बारीक सुईतून मोठ्या माणसाला काहीच वेळेत जात नाही.

उलटतपासणी

अतिदक्ष यांना एक शंका. कमी बीपीवर ठेवण्याच्या कल्पनेचा मोठा आधार १९९४ चा ह्यूस्टनचा अभ्यास आहे. ते शहर होतं, जखमा धडाला लागलेल्या गोळीच्या किंवा सुरीच्या होत्या आणि रुग्णालय जवळ होतं. घाटातला मार बोथट असतो आणि प्रवास दीड तासाचा. ८० वर दीड तास ठेवलेल्या माणसाची मूत्रपिंडं, आतडी आणि मेंदू उपाशी राहतात. शहरातला नियम जसाच्या तसा घाटात लावणं मला पटत नाही.

अतिदक्ष

शंका रास्त आहे. ब्रिटिश लष्कराने यासाठी मधला मार्ग काढला होता: पहिला तास मनगटाची नाडी जेमतेम लागेल एवढंच, त्यानंतर बीपी सामान्याकडे आणायचं. पण तो दुसरा टप्पा त्यांनी रक्त आणि प्लाझ्मा हाताशी धरून आखला होता. घाटात ते नाही. तिथे तासाभरानंतर सलाईननेच बीपी १२० वर न्यायला गेलात तर पातळ, थंड रक्ताचा रुग्ण रुग्णालयात पोचेल.

म्हणून माझा सल्ला: रक्तस्राव बाहेरचा होता आणि टूर्निकेट किंवा भरलेल्या जखमेने पूर्ण थांबलाय, तर ९०-१०० पर्यंत यायला हरकत नाही, गुठळी उडण्याचा धोका कमी झालाय. रक्तस्राव पोटात किंवा ओटीपोटात आहे, म्हणजे चालूच आहे, तर ८०-९० वरच राहा आणि वाटेत रक्त मिळणारं ठिकाण गाठा. दीड तासावरच्या मोठ्या रुग्णालयाआधी एखाद्या रुग्णालयात रक्त साठवण केंद्र असेल तर त्याची माहिती गटाकडे हवी. रक्ताच्या पिशव्या तिथे तयार ठेवता येतील का, हे १०८ चा डॉक्टर फोनवर विचारू शकतो.

डोक्याच्या माराबद्दल राहिलं होतं. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात सगळ्या रुग्णवाहिकांना तीनच गोष्टी शिकवल्या: प्राणवायू कमी पडू देऊ नका, बीपी पडू देऊ नका, अंबू बॅग (मास्कमधून श्वास देण्यासाठी हाताने दाबायची पिशवी) भरभर दाबू नका. २०१९ मध्ये निकाल छापले गेले. गंभीर मार असलेल्या गटात जगण्याची शक्यता सुमारे दुप्पट झाली होती. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही.

यातली तिसरी गोष्ट सर्वांत जास्त चुकते. घाबरलेला माणूस अंबू बॅग मिनिटाला तीस वेळा दाबतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि मेंदूला रक्त मिळत नाही. प्रौढाला मिनिटाला दहा, म्हणजे दर सहा सेकंदांनी एकदा, एका हाताने, छाती जेमतेम उचलेल एवढंच. एकाने मास्क दोन्ही हातांनी धरायचा, दुसऱ्याने मोठ्याने मोजत बॅग दाबायची. रुग्ण स्वतः नीट श्वास घेत असेल तर बॅग नको, जबडा पुढे उचला आणि प्राणवायूचा मास्क लावा. तोंडात रक्त किंवा उलटी असेल तर आधी सक्शन, म्हणजे ते शोषून काढणं. हाताने चालणारा सक्शन पंप पुरतो आणि त्याला चार्जिंग लागत नाही.

दोरखंड

बाहेर काढणं आणि मणका यावर.

शुद्धीवर असलेला, बोलणारा, पाय हलवणारा माणूस गाडीत अडकला नसेल तर त्याला स्वतःहून उतरू द्या. ब्रिटनमधल्या एक्झिट प्रकल्पात मोजमाप घेतलं तेव्हा माणूस स्वतः सावकाश उतरतो तेव्हा मणका सर्वांत कमी हलतो असं दिसलं. चार जणांनी ओढून बोर्डवर सरकवताना तो जास्त हलतो. दार कापत, छप्पर उघडत अर्धा तास घालवणं आतून रक्त जाणाऱ्या माणसाला परवडत नाही. सूचना साध्या ठेवा: 'मान सरळ ठेवा, पाय बाहेर टाका, दरवाज्याला धरून उभे राहा, दुखलं तर थांबा.' बाहेर आला की लगेच स्ट्रेचरवर. पाय मोडलाय, ओटीपोट मोडल्याची शंका आहे किंवा उभं राहता येत नाही, तर हे नको.

स्पाइन बोर्ड हे बाहेर काढायचं साधन आहे, प्रवासाचं नाही. दीड तास कडक फळीवर झोपवलं की टाचा, माकडहाड आणि खांद्याच्या फऱ्यांवर दाबाचे व्रण सुरू होतात, पाठदुखीने माणूस वळवळतो आणि मणका उलट जास्त हलतो. स्कूप स्ट्रेचर घ्या. तो मधून दोन भागांत उघडतो, दोन्ही बाजूंनी अंगाखाली सरकवून जोडता येतो, त्यामुळे माणसाला पूर्ण कुशीवर वळवावं लागत नाही. ओटीपोट मोडलं असेल तर हे फार महत्त्वाचं, कुशीवर वळवताना तिथल्या गुठळ्या सुटतात. कडक कॉलर सरसकट नको. डोक्याला मार असेल तर कॉलरने मानेच्या शिरा दाबल्या जाऊन कवटीतला दाब वाढतो. दोन्ही बाजूंना गुंडाळलेल्या चादरी आणि कपाळावर पट्टी.

ओटीपोट: जोराचा मार, तिथे दुखतंय, नाडी जलद, तर बाइंडर (ओटीपोटाभोवती आवळायचा रुंद पट्टा) लावून टाका. हाडं हलतात का हे दाबून बघायचं नाही. जागा नेमकी. पँटचा पट्टा बसतो तिथे नाही, त्याच्या खाली, मांडीच्या बाजूला जे हाड हाताला लागतं त्या उंचीवर. वर बसवला तर उपयोग नाही. बाइंडर नसेल तर चादर २०-२५ सेंटीमीटर रुंद घडी करून त्याच जागी आवळा, आणि गुडघे व पावलं आत वळवून एकत्र बांधा.

आणि थंडी! घाटातल्या पावसात भिजलेला, रक्त गेलेला माणूस जुलैमध्येही थंड पडतो. अंग ३५-३६ अंशांच्या खाली गेलं की रक्त गोठायची क्रिया मंदावते. ओले कपडे कात्रीने कापून काढा, अंग पुसा, चंदेरी पातळ ब्लँकेट आणि त्यावर कोरडी घोंगडी. खालूनही काहीतरी घाला, उघड्या स्ट्रेचरवर पाठीकडून जास्त उष्णता जाते. गाडीचा एसी बंद. चालकाला उकडलं तरी चालेल.

घाटवाट

एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. यादी करायला घेतो. दोन गोष्टी राहिल्या: प्राणवायूचा सिलिंडर किती मोठा घ्यावा? आणि दरड कोसळून रस्ता बंद झाला, टूर्निकेटला दोन तास होत आले, तर काय करायचं? हे आमच्याकडे पावसाळ्यात खरंच होतं.

दोरखंड

सिलिंडरचा हिशोब सोपा. सिलिंडरची पाण्याची क्षमता लिटरमध्ये, गुणिले गेजवरचा दाब. बी टाइप १० लिटरचा, १५० बार दाबाला भरलेला, म्हणजे १५०० लिटर प्राणवायू. शेवटचे ३० बार वापरात धरू नका, उरले १२००. मास्कला मिनिटाला १० लिटर दिलं तर दोन तास, १५ दिलं तर ऐंशी मिनिटं. ए टाइप याच्या निम्मा. तो उचलून दरीत न्यायला बरा, पण दीड तासाला अपुरा. म्हणून गाडीत दोन बी, खांद्यावर एक ए. गेज आठवड्याला बघा. रेग्युलेटरला तेल, ग्रीस किंवा तेलकट हात लागू देऊ नका, दाबाखालच्या प्राणवायूत ते पेट घेतं. रेग्युलेटर बसवायचा वॉशर बॅगेत जास्तीचा ठेवा, दोन रुपयांच्या वॉशरशिवाय भरलेला सिलिंडरही गळतो. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घ्याच, पण थंड ओल्या बोटावर आणि शॉकमध्ये ते चुकीचा आकडा दाखवतं किंवा दाखवतच नाही. मग कानाच्या पाळीवर लावून बघा आणि माणसाकडे बघून ठरवा.

कायद्याची भीती असेल तर: २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ए आलं. सद्हेतूने, मोबदल्याशिवाय मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही. २०२५ च्या मे महिन्यापासून रस्ते अपघातातल्या जखमीला देशभर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे रोकडरहित उपचार मिळण्याची योजना लागू आहे. नातेवाईक पैशांसाठी रुग्णालय बदलायला सांगतात तेव्हा ही माहिती वेळ वाचवते.

पहिला_दाब

दोन तास होत आले असतील आणि रस्ता उघडायची चिन्हं नसतील तर टूर्निकेटच्या जागी दाबपट्टी आणता येते का ते बघायचं. तीन अटी: रुग्ण शॉकमध्ये नाही, अवयव तुटलेला नाही, आणि जखमेवर सतत नजर ठेवायला एक माणूस मोकळा आहे. एक जरी अट पुरी होत नसेल तर हात लावू नका. अवयव गेला तरी जीव राहतो. हा निर्णय शक्यतो फोनवर डॉक्टरला विचारूनच घ्या.

आधी जखम वर लिहिल्याप्रमाणे गॉजने भरा, दहा मिनिटं दाबा, घट्ट पट्टी बांधा. पहिल्या टूर्निकेटच्या वर दुसरं सैल घालून तयार ठेवा. मग पहिल्याची दांडी सावकाश, साधारण मिनिटभर घेऊन सोडा. पट्टा काढायचा नाही, जागेवरच सैल राहू द्यायचा. पट्टीवर आणि अंगाखाली पाच मिनिटं बघत राहा, टॉर्चच्या उजेडात हात घालून ओल लागते का तपासा. रक्त आलं तर लगेच पुन्हा आवळा आणि परत प्रयत्न करू नका. मिनिटभर सोडायचं, पुन्हा आवळायचं असा जुना प्रकार कधीच करू नका, त्याने माणूस हप्त्याहप्त्याने रक्त गमावतो.

सहा तासांच्या वर आवळलेलं टूर्निकेट रस्त्यावर सोडायचंच नाही. मेलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम एकदम हृदयाकडे जाऊन ते बंद पडू शकतं. कधी बांधलं, कधी सैल केलं, कधी पुन्हा आवळलं, या तिन्ही वेळा पट्ट्यावर लिहा आणि रुग्ण ताब्यात देताना मोठ्याने सांगा.